सूर्याकडे पाठ करून ग्रहण बघा

पत्र: ताई, आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. जुनं कौलारू घर, एकत्र कुटुंब. 2 ऑगस्ट 2027 च्या सूर्यग्रहणाचं कुठलं तरी रील बघून माझा सातवीतला मुलगा हट्टाला पेटलाय, मी बघणारच म्हणतो. यजमानांचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. ते म्हणतात, "वेल्डिंगची काच आहे की आपल्याकडं, त्यातनं बघू दे. आम्ही लहानपणी एक्स-रेच्या फिल्ममधनं बघितलं, काय झालं?" सासूबाईंचं म्हणणं, दारं-खिडक्या लावून घरात बसायचं, फारच हौस असेल तर परातीत हळदीचं पाणी घेऊन त्यात बघायचं. कपाटात 2019 च्या ग्रहणाचे दोन कागदी चष्मे पडून आहेत, ते चालतील का? मुलाला नंबरचा चष्मा आहे. रोज जेवताना हाच विषय. कुणाचं ऐकू? — एक आई, शिवाजी पेठ

उत्तर: ताई, पूर्ण कुणाचंच ऐकू नका, आणि कुणाला वेड्यातही काढू नका. तुमच्या घरात प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. सासूबाईंचं तर माझ्या मते सगळ्यात जास्त, ते कसं ते पुढे सांगते. आधी यजमानांच्या "काय झालं?" या प्रश्नाचं बघू, कारण हे एक वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि सगळा घोळ तिथंच होतो.

एरवी आपण सूर्याकडे बघत का नाही? कुणी मनाई केली म्हणून नव्हे, बघवत नाही म्हणून. डोळे आपोआप मिटतात, पाणी येतं, मान वळते. शरीरानं केलेली ही राखण आहे. ग्रहणात ती ढिली पडते. चंद्रानं सूर्याचा मोठा भाग झाकला की एकूण उजेड कमी होतो, डोळ्याला तितकं झोंबत नाही, आणि त्यात बघायची हौस. पण जी कोर उरलेली असते ती जराही मंद झालेली नसते. तिचा एकेक ठिपका रोजच्या सूर्याइतकाच प्रखर असतो. डोळ्यातलं भिंग ती कोर नेमकी डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याच्या मधोमध आणून ठेवतं, म्हणजे ज्या जागेनं आपण वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, सुईत दोरा ओवतो, बरोबर त्या जागेवर. पूर्ण सूर्याचं बिंब तिथं मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढं पडतं. इतक्याशा जागेत तो सगळा उजेड, आणि त्यानं पडद्याच्या पेशींमध्ये रासायनिक बिघाड सुरू होतो.

आणि दुखत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाही. तव्याला बोट लागलं तर हात झटकला जातो, इथं झटकायला काही सूचनाच मिळत नाही. पोरगं मजेत बघतं, संध्याकाळी खेळतं, जेवून झोपतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणतं, "आई, पुस्तकात मधलं अक्षर दिसंना." पोरांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा नितळ असतं, त्यामुळे त्यांच्या पडद्यापर्यंत उजेड पोहोचतोही जास्त.

मग यजमानांना लहानपणी काही कसं झालं नाही? बहुतेक क्षण-दोन क्षण बघितलं असेल, आईनं आत ओढलं असेल. नशीब. दुसरंही शक्य आहे, की थोडं काही झालं आणि कळलं नाही. एका डोळ्यात बारीक डाग राहिला तर दुसरा डोळा ती उणीव भरून काढतो, माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. त्यांना म्हणावं, एकेक डोळा झाकून वहीच्या ओळी बघा, सरळ दिसतात का. टोमणा नाही, खरंच करून बघायला सांगा.

आता त्या रीलबद्दल. 2 ऑगस्टचं ग्रहण खग्रास आहे, पण ते स्पेनचं टोक, मोरोक्को, इजिप्त, सौदी, येमेन या पट्ट्यात. इजिप्तमध्ये लक्सरजवळ तर सहा मिनिटांहून जास्त वेळ सूर्य पूर्ण झाकलेला राहील. तेवढ्या मिनिटांत तिथले लोक चष्मे काढून उघड्या डोळ्यांनी बघतील, आणि ते बरोबरच असेल, कारण तेव्हा सूर्याची चकती अजिबात उघडी नसते. तेच व्हिडिओ तुमच्या मुलाच्या मोबाईलवर येणार. कोल्हापुरात हे ग्रहण पहिल्यापासून शेवटपर्यंत खंडग्रास आहे, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाणारच नाही. इथं चष्मा काढायचा क्षणच नाही. एवढं वाक्य त्याच्याकडून घोकून घ्या.

खरी भीती मला वेगळीच वाटते. ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे आपल्याकडे सूर्य कुठाय यापेक्षा पंचगंगा किती फुटांवर आली, हे आधी विचारलं जातं. आभाळ भरलेलं असणार. गच्च असेल तर प्रश्नच मिटला, टीव्हीवर इजिप्तचं थेट प्रक्षेपण बघा आणि भजी तळा. पण पातळ ढग असले तर? तुम्हीही बघितलं असेल, पावसाळ्यात ढगाआडून सूर्य अगदी चंद्रासारखा पांढरा, शांत दिसतो. डोळे दिपत नाहीत. त्यात कोर कातरलेली दिसली की गल्ली गोळा होते, सगळे बिनधास्त वर बघत उभे. आणि ग्रहणाचा चष्मा लावावा तर त्यातून ढगाआडचं काहीच दिसत नाही. मग पोरं काय करतात? चष्मा कपाळावर सरकवतात. तेवढ्यात ढग सरकतो आणि उघडा सूर्य थेट डोळ्यात. ढगाची जाडी आपल्या हातात नसते, आणि डोळ्याला न दिसणारे किरण पातळ ढगातून बऱ्यापैकी येत राहतात. म्हणून घरात ठरवून टाका: चष्म्यातून दिसलं तर बघायचं, नाही दिसलं तर थांबायचं. मधला मार्ग नाही. हे पाळणं वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून एक मोठं माणूस पूर्ण वेळ मुलाशेजारी हवं. त्या माणसानं वर बघायचं नाही, पोराकडे बघायचं.

वेल्डिंगच्या काचेचं उत्तर हो आणि नाही, दोन्ही आहे. यजमान चुकीचं सांगत नाहीत, पण अर्धंच सांगताहेत. काचेला शेड नंबर असतो, कोपऱ्यात कोरलेला किंवा छापलेला. गॅस वेल्डिंगच्या गॉगलला साधारण 5 च्या आसपासची काच असते. ती सूर्यासाठी म्हणजे काहीच नाही. आर्क वेल्डिंगच्या हातातल्या ढालीत बहुधा 10, 11, फार तर 12. सूर्यासाठी 14 नंबर मागून घ्यायचा. ती काच घरात धरली तर ट्यूबलाइटसुद्धा दिसत नाही, आणि सूर्य हिरवा, शांत दिसतो. नंबर पुसला गेला असेल तर ती काच बाद, "अंदाजे चौदाच असंल" चालणार नाही. तडा गेलेली नको. आणि हल्ली जे आपोआप काळे होणारे हेल्मेट आलेत ते तर मुळीच नकोत. ते आर्कच्या ठिणगीला ओळखून काळे होण्यासाठी बनवलेत, सूर्यासाठी नाही. अजून एक अडचण, काच लहान असते. पोरगं एका हातात धरून बघायला लागलं की ती खाली-वर होते आणि कडेनं सूर्य डोकावतो. पुठ्ठ्याला चौकोन कापून त्यात ती घट्ट बसवा, चेहरा झाकेल एवढा पुठ्ठा घ्या. हे काम वर्कशॉपवाल्या बापाला द्या, त्यांचा मानही राहील.

एक्स-रेची फिल्म नको. पूर्वीच्या फिल्ममध्ये चांदी असायची, तरी हाडांच्या जागी ती पांढरट आणि कडेला काळी, एकसारखी कधीच नव्हती. आताच्या डिजिटल प्रिंटमध्ये तर चांदीचाही भरवसा नाही. काजळी धरलेली काच, सीडी, रंगीत फोटोंची निगेटिव्ह, बिंदू चौकातून घेतलेला काळा गॉगल, एकावर एक दोन गॉगल: सगळं नाही. यातून सूर्य अंधूक दिसतो एवढंच, आणि अंधूक दिसतो म्हणूनच माणूस जास्त वेळ बघत राहतो. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली उलट मोठी होते, हे आणखी वर.

आता हळदीचं पाणी. सासूबाईंना हे समजावताना आवाज चढवू नका. ही पद्धत ज्यांनी काढली त्यांना एवढं नक्की कळत होतं, की थेट वर बघायचं नाही. पण हळद किंवा शेण पाणी गढूळ करतं, परातीचा तळ दिसू देत नाही. पाण्याच्या वरच्या थरावर जो सूर्य चमकतो, तो तसाच राहतो. पाणी डोक्यावरच्या सूर्याचा साधारण दोन टक्के उजेड परत फेकतं. सूर्य तिरपा असेल तर जास्त, आणि हे ग्रहण तर दुपार कलल्यावरचं आहे. ग्रहणाचा योग्य चष्मा उजेडाचा तीस हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी, आत सोडतो. दोन टक्के आणि तीस हजारावा भाग, हिशेब केला तर परातीतला सूर्य चष्म्यातल्या सूर्यापेक्षा शेकडो पट प्रखर निघतो. म्हणून परात नको, बादली नको, आणि रंकाळ्याच्या कठड्यावर बसून पाण्यातलं प्रतिबिंब बघायची टूम कुणी काढली तर तीही नको.

तुमच्या कपाटातले 2019 चे चष्मे. ते डिसेंबरमधलं ग्रहण, मंगळुरू आणि केरळच्या बाजूला कंकणाकृती दिसलं होतं, आपल्याकडे सकाळी खंडग्रास. चष्म्यावर आयएसओ 12312-2 असं छापलंय का बघा. हे मानक नेमकं सूर्याकडे बघण्याच्या चष्म्यांसाठीच आहे. पण छपाई कुणीही करू शकतं, तेव्हा परीक्षाही घ्या. चष्मा लावून घरभर फिरा. भिंत, खिडकी, माणसं, काही म्हणजे काही दिसता कामा नये. मोबाईलचा टॉर्च अगदी जवळून बघितला तर फार तर क्षीण ठिपका दिसेल. बाकी काहीही दिसलं तर चष्मा टाकून द्या. मग फिल्म उजेडासमोर धरून बघा, पण त्यासाठी बल्ब वापरा, सूर्य नको. टाचणीच्या टोकाएवढं भोक, चुरगळलेली घडी, पुठ्ठ्यापासून सुटलेली कड, यातलं एक जरी सापडलं तरी कात्रीनं कापून कचऱ्यात. नुसता ठेवला तर तो पुन्हा कपाटात जाईल आणि पुढच्या ग्रहणाला कुणाच्या तरी नाकावर चढेल. कपाटात इतकी वर्षं दमट हवेत पडलेल्या चष्म्यांपेक्षा नवे घेतलेले बरे, असं मला वाटतं. ग्रहणाच्या आठवड्यात बाजारात काय काय चष्मे म्हणून विकलं जाईल सांगता येत नाही, म्हणून महिनाभर आधीच घेऊन ठेवा.

मुलाचा नंबरचा चष्मा काढायचा नाही, ग्रहणाचा त्याच्यावरून लावायचा. कागदी चष्मा त्यावर नीट बसत नाही, घसरतो. एक मोठी कागदी प्लेट घ्या, डोळ्यांच्या जागी खाच पाडा, त्यात ग्रहणाचा चष्मा चिकटपट्टीनं पक्का करा. मुखवट्यासारखं दिसतं, पोरांना आवडतं, आणि कडेनं डोकावायला जागा राहत नाही. क्रमही शिकवा: मान खाली, चष्मा लावला, मग मान वर. काढताना पुन्हा आधी मान खाली. दुर्बीण किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून हा चष्मा लावून कधीच बघायचं नाही. भिंगानं एकवटलेलं ऊन ती फिल्म जाळून आत जातं. मोबाईलवर फोटो काढताना डोळे स्क्रीनवरच राहत असतील तर डोळ्यांना धोका नाही, पण सूर्य फ्रेममध्ये आणताना माणूस हटकून वर बघतो. माझं मत विचाराल तर मोबाईल घरात ठेवा, इजिप्तवाले तुमच्यापेक्षा चांगले फोटो टाकणार आहेत.

आता सासूबाईंकडे येते. त्या म्हणतात घरात बसू. बसा! तुमचं घर कौलारू आहे, म्हणजे निम्मं काम झालंय.

आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला काय होतं आठवा. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. सगळं देऊळ श्वास रोखून बघत असतं, पण कुणी सूर्याकडे बघत नाही. सगळ्यांची पाठ सूर्याकडे आणि तोंड देवीकडे. ऊन कुठं पडलं, ते बघायचं. ग्रहणही असंच बघता येतं, आणि यात चष्मा, काच, नंबर कशाचीच गरज नाही.

कौलांच्या फटीतून दुपारी जमिनीवर कवडसे पडतात. फट वेडीवाकडी, त्रिकोणी, कशीही असली तरी कवडसा गोल किंवा लांबट गोल का पडतो, हा प्रश्न मुलाला विचारा. तो कवडसा म्हणजे सूर्याचंच चित्र असतं. बारीक भोकातून आलेला उजेड समोरच्या पृष्ठभागावर सूर्याची उलटी प्रतिमा काढतो. ग्रहण लागलं की घरातला प्रत्येक कवडसा एका बाजूनं कुरतडल्यासारखा होतो. चित्र उलटं असल्यामुळे सूर्याला जिकडून ग्रास लागलाय त्याच्या विरुद्ध बाजूला घास दिसेल. जमिनीवर तो ताणल्यासारखा दिसला तर पांढरा कागद उजेडाच्या वाटेत जरा तिरपा धरा, कवडसा नीट आकारात येतो. भोकापासून जितकं लांब तितकं चित्र मोठं: एक मीटरवर नऊ मिलिमीटर, सहा-सात मीटर अंतर मिळालं तर बांगडीएवढं. दुपार कललेली असल्यामुळे ऊन पश्चिमेच्या उतारावर असेल, तेव्हा त्या बाजूची खोली धरा. फटी जास्त रुंद झाल्या असतील तर चित्र पुसट होतं. मग पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोक पाडून तो खिडकीत धरा.

अंगणात करायचं असेल तर स्वयंपाकघरातला बुंदीचा झारा उन्हात धरा, खाली कागद ठेवा. जितकी भोकं तितके चंद्रकोरीसारखे सूर्य, एकदम पन्नास-साठ. झाऱ्यातून वर बघायचं मात्र नाही, हे पोराला दोनदा सांगा, कारण पहिली इच्छा त्याला तीच होणार.

आणि सगळ्यात भारी हवं असेल तर आरसा. हातातला लहान आरसा घ्या, त्यावर जाड कागद चिकटवा आणि मध्ये बोरूच्या टोकाएवढं भोक ठेवा. आरसा अंगणात विटेला टेकवून असा ठेवा, की ऊन दारातून आत माजघराच्या भिंतीवर पडेल. अंगणापासून भिंत दहा मीटर असेल तर तिथं नऊ सेंटिमीटरचा सूर्य उमटतो, जवळपास बशीएवढा. खोलीत अंधार हवा, म्हणजे दारं-खिडक्या लावून घेणंही आलंच. सासूबाई त्यांच्या जागेवर बसून, जपमाळ हातात घेऊन, आख्खं ग्रहण भिंतीवर बघतील. एक पथ्य आहे, आरशाजवळ कुणी जाऊन त्यात डोकावायचं नाही, आणि आरशाचं ऊन कुणाच्या तोंडावर मारायचं नाही. ती राखणीची ड्यूटी यजमानांकडे. पातळ ढग आला की कवडसा फिका पडेल, गेला की परत येईल. या खेळात ढगाची भीती नाही, फक्त वाट बघावी लागते.

इतकं करूनही कुणी उघड्या डोळ्यांनी बघितलंच, तर त्या रात्री घाबरवून सोडू नका, पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक डोळा झाकून तपासा. वहीच्या ओळी किंवा बाथरूमच्या फरशीचे चौकोन बघायला सांगा. ओळ मध्येच वाकडी दिसते का, बघेल तिथं मधोमध करडा डाग येतो का, रंग फिके वाटतात का, उजेड नकोसा होतो का. यातलं काहीही असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जा, आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेत्र विभाग आहेच. "काल ग्रहण बघितलं" हे आपणहून सांगा, म्हणजे ते ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, करतील. मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. गुलाबपाणी, मध, दूध, काहीही नाही. इजा आत, मागच्या पडद्यावर असते, थेंब तिथं काही करू शकत नाहीत. बऱ्याच जणांची नजर काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारते, काहींची पूर्ण परत येत नाही, आणि खात्रीचं औषध नाही. म्हणून तर एवढं लिहिलं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, पण आई म्हणून तुमच्या लक्षात यायला हवी. 2 ऑगस्ट 2027 हा सोमवार आहे, आणि ग्रहणाची वेळ साधारण शाळा सुटायच्या आगेमागेच येते. घरी कितीही तयारी केली तरी पोरगं त्या वेळी रिक्षात, चार मित्रांत असेल, आणि चष्मा तुमच्या कपाटात. वर्गशिक्षिकांना आधीच भेटून विचारा, शाळा मैदानात काही करणार आहे का. झारा आणि पांढरा पुठ्ठा घेऊन अख्ख्या वर्गाला दाखवणं अजिबात अवघड नाही. शाळा काही करणार नसेल तर त्या दिवशी त्याला जरा लवकर घरी आणा. नेमक्या वेळा जवळ आल्यावर पंचांगात बघून घ्या. ढगांनी घात केलाच तर मुलाला सांगा, 21 मे 2031 ला दक्षिण भारतातून कंकणाकृती ग्रहण जाणार आहे, आपल्याकडे खंडग्रास दिसेल आणि मे महिन्यात आभाळ बहुतेक मोकळं असतं.

आणि हो, त्या दिवशी आषाढी अमावस्या आहे. त्यात सोमवार, त्यात ग्रहण. तांबडा-पांढऱ्याचा बेत रविवारीच उरकून घ्या, सोमवारी सासूबाई गॅस पेटवू देणार नाहीत.